गुलाबी दगड, काळा दगड

१९२८ सालच्या उन्हाळ्यात, चार आठवड्यांच्या आत, दोन पुतळे लोकांसमोर आले. २० मे रोजी कैरोच्या रेल्वे स्थानकासमोर, बाब अल-हदीद चौकात, राजा फुआदने ‘नहदत मिस्र’ म्हणजे इजिप्तच्या जागृतीच्या शिल्पाचं अनावरण केलं. १६ जूनला पुण्यात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उघडला गेला. पहिला पुतळा महमूद मुख्तार यांचा, दुसरा विनायक पांडुरंग करमरकर यांचा. मुख्तार १० मे १८९१ रोजी नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका खेड्यात जन्मले, करमरकर त्याच वर्षी २ ऑक्टोबरला अलिबागजवळच्या सासवण्यात. दोघांचेही देश ब्रिटिशांच्या ताब्यात होते. दोघेही युरोपात जाऊन शिकले. दोघांनीही मायदेशी येऊन आपल्या लोकांचे चेहरे घडवले.

फरक साहित्यात होता. मुख्तार यांचं शिल्प आस्वानच्या गुलाबी ग्रॅनाइटचं, करमरकरांचं ब्राँझचं. वरवर पाहता ही बाब कारागिरीची आहे, पण मला त्यात एक मोठी कथा दिसते. ती मी शहागंजमध्ये राहतो म्हणूनही दिसत असेल.

शहागंज हा छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातला गजबजलेला बाजार. घड्याळाचा मनोरा, गांधी पुतळा, फळांच्या गाड्या, कापडाची दुकानं. १७२० च्या सुमाराला बांधलेली मोठी मशीद इथे उंच जोत्यावर उभी आहे. तिच्या जोत्याला तीन बाजूंनी दुकानं आहेत आणि आत दगडी खांबांच्या ओळी. थोडं चाललं की राजाबाजारात ग्रामदैवत संस्थान गणपती. जुन्या दरवाज्यांपैकी जे शिल्लक आहेत ते बहुतेक इथल्या काळ्या दगडाचे, म्हणजे बेसॉल्टचे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तिचं नावही खडकावरूनच पडलं असं मानतात. उत्तरेकडे डोंगरात औरंगाबाद लेणी आणि तीसेक किलोमीटरवर वेरूळ. जगातलं सर्वांत मोठं एकसंध दगडी शिल्प ज्या गावाच्या शेजारी आहे, त्या गावातल्या चौकाचौकांत विसाव्या शतकापासून जे पुतळे उभे राहिले, त्यांच्यात हा दगड बहुतेक चौथऱ्यापुरताच उरला. पुतळा म्हटलं की धातू, नाहीतर परमुलखातला संगमरवर. इजिप्तमध्ये मात्र विसाव्या शतकातला पहिला मोठा शिल्पकार थेट फेरोंच्या खाणीपर्यंत गेला. असं का झालं, हे समजून घ्यायला मुख्तार यांच्या आयुष्याकडे नीट पाहावं लागतं.

मुख्तार लहानपणी कालव्याकाठच्या चिखलाची माणसं आणि जनावरं करत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. आईबरोबर ते कैरोला आले. १९०८ मध्ये युवराज युसुफ कमाल यांनी स्वतःच्या पैशाने ललित कलांची शाळा काढली, तेव्हा पहिल्या तुकडीत हा मुलगा होता. शिल्प शिकवायला लाप्लान्य नावाचे फ्रेंच शिक्षक होते. त्या काळी कैरो आणि अलेक्झांड्रियाच्या चौकांत पुतळे होते, पण ते परक्यांच्या हातचे. इब्राहिम पाशाचा घोडा कॉर्दिए यांनी घडवला, मुहम्मद अलीचा जाकमार यांनी. दोघेही फ्रेंच आणि दोन्ही पुतळे ब्राँझचे. मुंबईत काळा घोडा म्हणून ओळखला जाणारा युवराज एडवर्डचा पुतळाही लंडनच्या शिल्पकाराने घडवून पाठवलेला होता. त्यामुळे चौकातला पुतळा म्हणजे घोड्यावरचा राजा आणि धातूचं काम, ही कल्पना दोन्ही देशांत एकदमच रुजली.

इजिप्तमध्ये आणखी एक प्रश्न होता. मुस्लिम समाजात मूर्ती घडवणं योग्य की नाही? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले थोर धर्मपंडित मुहम्मद अब्दुह सिसिली बेटावर गेले आणि तिथली चित्रं-शिल्पं पाहून त्यांनी ‘अल-मनार’ मासिकात लिहिलं. पूजेचा हेतू नसेल आणि ज्ञान जपण्याचा असेल तर चित्र-शिल्पाला धर्माची आडकाठी नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. काही वर्षांतच युसुफ कमाल यांची शाळा उघडली. अब्दुह यांनी आधी वाट मोकळी केली नसती तर मुख्तार यांना शिकायला कैरोत जागा मिळाली असती का, याची मला शंका आहे.

१९११ च्या सुमाराला ते पॅरिसला गेले, तिथल्या ललित कला विद्यालयात झुल कुताँ यांच्या हाताखाली शिकले. पहिल्या महायुद्धात मायदेशाहून पैसा येणं थांबलं. पोटासाठी मिळेल ते काम केलं आणि पुढे मेणाच्या पुतळ्यांच्या ग्रेव्हाँ संग्रहालयात कलाविभाग सांभाळला. १९१९ मध्ये स्वातंत्र्य चळवळीचे नेते साद झगलूल यांच्या अटकेवरून इजिप्त पेटला. शहरातले वकील-विद्यार्थी आणि खेड्यातले शेतकरी एकाच वेळी रस्त्यावर उतरले. बायकाही मोर्चे काढून बाहेर पडल्या. त्या धामधुमीच्या काळात पॅरिसमध्ये मुख्तार यांनी ‘नहदत मिस्र’ची कल्पना घडवली. १९२० मध्ये ते शिल्प पॅरिसच्या सालों या वार्षिक प्रदर्शनात मांडलं गेलं आणि नावाजलं गेलं. स्वातंत्र्याची बोलणी करायला पॅरिसला आलेल्या वफ्द पक्षाच्या मंडळींनी ते पाहिलं. हे कैरोत मोठ्या आकारात उभं राहिलं पाहिजे, असं ठरलं. वर्तमानपत्रांनी वर्गणीची हाक दिली आणि खेड्यापाड्यांतून लोकांनी आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे पाठवले.

शिल्पाची मांडणी साधी आहे. बसलेला स्फिंक्स पुढच्या पायांवर भार देऊन उठू पाहतो आहे. शेजारी एक शेतकरी बाई ताठ उभी आहे. तिचा एक हात स्फिंक्सच्या डोक्यावर आहे आणि दुसऱ्या हाताने ती चेहऱ्यावरचा पडदा मागे सारते आहे. राजा नाही, पाशा नाही, घोडा नाही. १९२३ मध्ये स्त्रीवादी नेत्या हुदा शारावी परदेशातून परतल्या आणि कैरोच्या स्थानकावर त्यांनी चेहऱ्यावरचा बुरखा जाहीरपणे काढला. त्याच स्थानकासमोर पाच वर्षांनी ही पडदा सारणारी बाई उभी राहिली. मुख्तार यांच्या मृत्यूनंतर त्यांचं काम जपण्यासाठी ज्यांनी मित्रमंडळ उभं केलं, त्या याच हुदाबाई.

आता दगडाकडे येऊ. आस्वान कैरोपासून दक्षिणेला साधारण नऊशे किलोमीटर. तिथला ग्रॅनाइट म्हणजे जमिनीखाली खोलवर, फार सावकाश थंड झालेला शिलारस. सावकाश थंड झाल्यामुळे त्यात डोळ्यांना दिसतील एवढे मोठे स्फटिक वाढतात. गारगोटीचे, अभ्रकाचे आणि ज्याच्यामुळे गुलाबी रंग येतो त्या फेल्डस्पारचे. आपल्या वेरूळचा बेसॉल्टही शिलारसाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन जमिनीवर पसरला आणि त्या मानाने झटपट गोठला. म्हणून त्याचा कण बारीक आणि रंग काळपट. गंमत अशी की प्राचीन इजिप्तच्या कारागिरांकडे ग्रॅनाइटला भिडेल असं लोखंडी हत्यार नव्हतं. ते डोलेराइट नावाच्या काळ्या दगडाचे गोळे हातात घेऊन ग्रॅनाइट ठेचत. डोलेराइट हा बेसॉल्टचा सख्खा भाऊ, दख्खनच्या पठारावरही त्याच्या भिंती जागोजाग उभ्या आहेत. आस्वानच्या खाणीत तडा गेल्यामुळे सोडून दिलेला जो अपुरा स्तंभ आहे, तो पूर्ण झाला असता तर सुमारे बेचाळीस मीटर लांब आणि हजार टनांहून जड भरला असता. त्याच्या कडेने ठेचण्याचे खड्डे आजही दिसतात.

ठेचून घडवायचा दगड शिल्पकाराला काही अटी घालतो. हात धडापासून लांब नेता येत नाही, बोटं सुटी ठेवता येत नाहीत, मान बारीक करता येत नाही. पिळवटलेली कंबर किंवा उडता पदर विसरायचा. कठीण दगड दाबाला कमालीचा टिकतो, पण ताण आणि वाकवणं त्याला सहन होत नाही. म्हणून प्राचीन इजिप्तच्या मूर्ती मिटलेल्या, भक्कम, समोर पाहणाऱ्या. युरोपीय पंडितांनी एके काळी त्यांना ताठर म्हणून नाकं मुरडली, पण त्या ताठरपणात दगडाची पक्की समज आहे. मुख्तार पॅरिसमध्ये ग्रीक-रोमन परंपरेचं अंगवळणी पडलेलं कसब शिकले होते. ग्रॅनाइटसाठी त्यांना त्यातलं बरंच बाजूला ठेवावं लागलं. ‘नहदत मिस्र’मधली बाई आणि स्फिंक्स एकमेकांना धरून आहेत, म्हणून मोडण्यासारखं फार काही बाहेर उरत नाही. तिची वस्त्रं उभ्या सरळ चुण्यांत पडतात, जवळजवळ खांबासारखी.

मला त्यांची लहान शिल्पं जास्त आवडतात. ‘खमासिन’ या चुनखडीच्या शिल्पात वाळवंटाकडून येणाऱ्या गरम वाऱ्यात एक बाई पुढे झुकून चालली आहे. वाऱ्याने फुगलेली चादर आणि तिचं अंग यांचा मिळून एकच गोळा झाला आहे. त्यात वारा दिसतो, पण दगडाचा एकही तुकडा हवेत तरंगत नाही. वाऱ्यासारखी सगळ्यात हलकी गोष्ट सगळ्यात मिटलेल्या आकारात दाखवणं ही फार अवघड कामगिरी आहे. पाण्याला जाणाऱ्या, नदीवरून परतणाऱ्या बायकांची त्यांची शिल्पंही अशीच, अंगाबरोबर मिटलेली. १९३० मध्ये पॅरिसच्या बेर्नहाइम-झ्यन दालनात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. चार वर्षांनी, मार्च १९३४ मध्ये, ते वारले. वय होतं बेचाळीस.

मुख्तार यांनीही ब्राँझ वर्ज्य मानलं नाही. साद झगलूल यांचे कैरो आणि अलेक्झांड्रियातले पुतळे ब्राँझचे आहेत. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये उघडले गेले. कैरोच्या पुतळ्यात झगलूल हात उंचावून लोकांशी बोलत आहेत. असा हात ग्रॅनाइटमध्ये टिकणार नाही. कोणता विषय कोणत्या साहित्याला मानवतो, हे त्यांना नेमकं कळत होतं.

करमरकरांची बाजू इथे न्यायाने मांडली पाहिजे. सासवण्याच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेलं शिवरायांचं चित्र जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिलं आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं. पुढे काही वर्षं त्यांनी कलकत्त्यात काम केलं आणि १९२० मध्ये, म्हणजे मुख्तार पॅरिसमध्ये गाजत होते त्याच वर्षी, ते लंडनला गेले. पुण्याच्या पुतळ्याची कल्पना राजर्षी शाहू महाराजांची. पायाभरणी १९२१ मध्ये झाली आणि पुढच्याच वर्षी महाराज गेले. करमरकरांकडे काम आलं तेव्हा मुदत थोडी होती आणि विषय घोडेस्वाराचा होता. साडेतेरा फूट उंचीचा तो पुतळा माझगाव गोदीत ओतला गेला आणि रेल्वेने पुण्याला आणला गेला. दगडात असा घोडा होत नाही. एवढ्या वजनाचं धड चार बारीक पायांवर पेलायचं म्हणजे पोटाखाली आधाराचा खांब ठेवावा लागतो, आणि मग तो धावणाऱ्या फौजेचा घोडा राहत नाही. ब्राँझ आतून पोकळ ओतता येतं आणि ताण सोसतं, म्हणून ते बरोबरच होतं.

पण घोडेस्वाराचा विषय नव्हता तेव्हाही करमरकर दगडाकडे फारसे वळले नाहीत. सासवण्याच्या त्यांच्या घरात, म्हणजे आजच्या शिल्पालयात, कोळीण आहे, हमाल आहे, शंख फुंकणारी स्त्री आहे आणि अंगणात खऱ्याएवढी म्हैस आहे. प्लॅस्टर, सिमेंट, ब्राँझ. मुख्तार यांच्या शेतकरी बाईची ही सगळी सख्खी भावंडं. माणसं मातीतली, पण दगड मातीतला नाही.

याचं एक कारण शिक्षणात आहे. जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग इमारतींवरचं शिल्पकाम शिकवायला आले आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसची पानंफुलं, मोर, माकडं दगडात कोरली. म्हणजे दगडाची ओळख नव्हती असं नाही. पण दगड इमारतीच्या नक्षीकडे गेला आणि स्वतंत्र पुतळ्याचा रस्ता वेगळा ठरला. आधी ओल्या मातीत घडवायचं, त्याचा प्लॅस्टरचा साचा काढायचा, मग ब्राँझ ओतायचं, नाहीतर मापाचं यंत्र लावून संगमरवरात नक्कल उतरवायची. गणपतराव म्हात्रे यांची १८९६ ची ‘मंदिरपथगामिनी’ प्लॅस्टरची आहे आणि तिचं नितळ लावण्य मातीत फिरलेल्या बोटांचं आहे. मातीत भर घालत जायचं असतं, दगडात काढून टाकायचं असतं. ज्याचा हात पहिल्या पद्धतीत तयार झाला, त्याला दुसरी पद्धत नव्याने शिकावी लागते. काळा दगड राहिला पाथरवट आणि वडार समाजाकडे. त्यांनी त्यातून जाती घडवली, पाटे-वरवंटे घडवले, देवळांतल्या मूर्ती घडवल्या. कलाशाळेच्या प्रदर्शनात त्यांना कुणी बोलावलं नाही.

दुसरं कारण दगडाच्याच अंगी आहे, आणि ते शहागंजहून अर्ध्या तासात जाऊन पाहता येतं. बीबी का मकबरा सतराव्या शतकात बांधला. त्याच्या मुख्य इमारतीला कमरेच्या उंचीच्या आसपास संगमरवर आहे, त्यावर आतला दगड बेसॉल्टचा आणि बाहेरून चुन्याचा पांढरा गिलावा. काळा दगड झाकला गेला. वेरूळच्या कैलासाला गावकरी रंगमहाल म्हणत, कारण राष्ट्रकूटांच्या काळात कोरलेल्या त्या मंदिरावरही चुन्याचा थर आणि रंग चढवला होता. त्याचे तुकडे अजून काही कोपऱ्यांत दिसतात. बेसॉल्ट प्रकाश गिळतो. गुलाबी ग्रॅनाइटवर किंवा पांढऱ्या संगमरवरावर गालाची गोलाई छायेने कळते, काळ्या दगडावर छाया रंगातच बुडते. शिवाय लाव्हा गोठताना वाफेचे बुडबुडे अडकून राहतात. त्यांत पुढे गारगोटी किंवा झिओलाइट भरतं आणि नाकाच्या शेंड्याशी नेमकी तीच गाठ येते. औरंगाबाद लेण्यांत अशा खडबडीत जागा पाहायला मिळतात.

तरी त्या दगडात काय करता येतं, हे कैलासाच्या अंगणात उभं राहिलं की कळतं. आठव्या शतकात, कृष्णराजाच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत जाऊन हे देऊळ मोकळं केलं. काढलेल्या दगडाचा अंदाज दोन लाख टनांच्या आसपास सांगतात. जोत्याला हत्तींची ओळ आहे. ते हत्ती पाठीने जोत्याला चिकटलेले आहेत, जणू देऊळ तेच वाहून नेत आहेत. अंगणात दोन हत्ती सुटे उभे आहेत. त्या दोघांच्याही सोंडा आज नाहीत, धडं मात्र भक्कम आहेत. सोंडा कशाने गेल्या हा वेगळा विषय, पण बाहेर आलेला भाग आधी जातो, हा नियम मुख्तार यांना आस्वानला ठाऊक होता आणि वेरूळच्या कारागिरांनाही. रावण कैलास हलवतो ते प्रसिद्ध शिल्प पाहा. वीस हात आहेत, तरी त्यांची मांडणी कोनाड्याच्या अंधारात अशी बसवली आहे की सगळं मिळून डोंगराचाच एक भाग वाटतं. छाया दगडात बुडते, तर मग खोल कोरून अंधारच वापरायचा, हा तोडगा आपल्याकडे बाराशे वर्षांपूर्वी सापडला होता. त्यासाठी पॅरिसला जायची गरज नव्हती.

मुख्तार यांच्या नंतर इजिप्तमध्ये ही वाट तुटली नाही. ‘नहदत मिस्र’ १९५५ मध्ये स्थानकासमोरून हलवून कैरो विद्यापीठाच्या रस्त्यावर नेलं गेलं आणि त्याच्या जागी प्राचीन रामसेसचा प्रचंड पुतळा आला. तो पुतळाही २००६ मध्ये पिरॅमिडांकडे गेला. १९६२ मध्ये मुख्तार यांचं स्वतंत्र संग्रहालय उघडलं. इमारत रामसेस विस्सा वासेफ या वास्तुशिल्पकाराने बांधली. मग आले आदम हनैन. १९२९ चा जन्म, घराणं चांदीच्या कारागिरांचं. लहानपणी शाळेतून संग्रहालय पाहायला गेले आणि परत येऊन मातीचा रामसेस घडवला. पुढे पॅरिसमध्ये पंचवीसेक वर्षं राहिले. १९८९ पासून जवळजवळ दशकभर गिझाच्या महास्फिंक्सच्या डागडुजीत त्यांनी कामाची कलाबाजू सांभाळली आणि १९९६ मध्ये आस्वानला आंतरराष्ट्रीय शिल्पमेळा सुरू केला. देशोदेशींचे शिल्पकार हिवाळ्यात तिथे येतात, खाणीतला ग्रॅनाइट निवडतात आणि खाणीतल्या कामगारांच्या मदतीने काही आठवड्यांत शिल्प पुरं करतात. शिल्पं तिथेच उघड्या माळावर राहतात. हनैन यांची स्वतःची शिल्पं, पक्षी, घुबडं, बोटी, इतकी मिटलेली आहेत की आधी दगड दिसतो आणि मग हळूहळू पक्षी. २०२० मध्ये ते गेले, मेळा चालू राहिला. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम शिल्पं नव्हेत. खाणीत चौथऱ्यांच्या लाद्या कापणाऱ्या माणसांच्या हातात त्याने पुन्हा मूर्तिकाम आणलं.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास खाणी आहेत. त्यांतला दगड मुख्यतः खडी म्हणून रस्त्यांवर आणि काँक्रीटमध्ये जातो. शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे. रस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे आणि खलबत्ते मांडून बसणारी, टाकी हातात असलेली कुटुंबं अजून आहेत. आस्वानला जे झालं त्यासाठी लागणारी माणसं आणि दगड, दोन्ही इथे आहेत. सुरुवात छोटी करता येईल. कला महाविद्यालयाची मुलं आणि टाकीचे कारागीर हिवाळ्यात एका खाणीवर एकत्र बसवायचे, दगड निवडण्याचा मान कारागिराला द्यायचा. बुडबुड्यांचा, गाठींचा दगड त्याला वाजवूनच कळतो. हातोडी मारली की खणखणीत आवाज देणारा दगड कामाचा, बद्द वाजणारा सोडून द्यायचा. मग मुलांनी त्या दगडापुढे आपली मातीतली सवय सोडून बसायचं आणि पहिलं काम मिटलेल्या आकाराचं घ्यायचं. पोतं पाठीवर घेतलेला हमाल, उकिडवी बसलेली भाजीवाली, घोंगडी पांघरलेला मेंढपाळ. शहागंजच्या बाजारात सकाळी सातला गेलं तर यांतले बरेच नमुने पाहायला मिळतात.